सासूबाईंचा रुपया अमेरिकेला जाऊन आला

अहो वहिनी, कपडे नंतर वाळत घाला, आधी इकडे या भिंतीशी. आमच्या सासूबाईंचा रुपया अमेरिकेहून परत आला! कुठला म्हणजे? लक्ष्मीपूजनाला चौरंगावर मांडतो ना, तोच, व्हिक्टोरिया राणीचा. गेल्या दिवाळीला वन्संचा मुलगा आला होता न्यू जर्सीहून, त्याच्या नजरेला पडला. "आजी, यावर 1862 साल आहे! मी याचं ग्रेडिंग करून आणतो." 1862 ऐकल्यावर आमचे हे आरामखुर्चीत ताठ बसले. आता यांना कोण सांगणार, की टाकसाळीने ते साल पुढे 1874 पर्यंत तसंच ठेवलं होतं, त्यामुळे 1862 चे रुपये पोत्याने सापडतात.

तर हे ग्रेडिंग म्हणजे काय, ते मला त्यानेच समजावलं. तिकडच्या कंपनीला आपलं नाणं पाठवायचं. फॉर्म भरायचा, फी भरायची, विमा काढायचा, जायचं टपाल आपलं, यायचंही आपलंच. तिथली तज्ज्ञ मंडळी दिव्याखाली नाणं फिरवून बघणार, त्याला मार्क देणार आणि ते जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करणार. वर बारकोड, नंबर, चमचमणारं लेबल. सगळा खर्च धरला तर आमच्या रुपयातल्या चांदीच्या वर गेला हो!

आणि निकाल काय? मार्कच नाहीत. लेबलवर शेरा मारलाय, 'डिटेल्स – क्लीन्ड'. म्हणजे नाणं खरं आहे, पण घासलेलं आहे, सबब आकडा मिळणार नाही. सासूबाई कडाडल्याच. "घासलेलं नसेल तर काय! लग्न होऊन आले तेव्हापासून घासतेय. आधी राखेने, मग रांगोळीने, आता दंतमंजनाने. काळाकुट्ट रुपया मांडू होय लक्ष्मीपुढे?" राणीचं नाक, गाल, मुकुटाची नक्षी, सगळं दर दिवाळीला थोडंथोडं झिजून आता पार गुळगुळीत झालंय. हे सांगायला सातासमुद्रापलीकडचा तज्ज्ञ कशाला हवा होता? आमची मोलकरीणसुद्धा फुकट सांगते.

पण गंमत पुढेच आहे. त्या तज्ज्ञांना काळं पडलेलं नाणं चालतं. चालतं काय, आवडतं! वर्षानुवर्षं कागदात नाहीतर कापडी पिशवीत पडून चांदीवर निळी-जांभळी झाक आली, की लोक जास्त पैसे मोजतात. मग काही उद्योगी माणसं ती झाक घरीच आणतात. ती पकडायला आणखी एक शेरा आहे, रंग शंकास्पद असल्याचा. घासलं तरी नापास आणि रंगवलं तरी नापास. नाण्याने करायचं काय, तर हात न लावता स्वस्थ पडून राहायचं. आमच्या घरात हे फक्त एकालाच जमतं, ते आरामखुर्चीत बसलेत.

आता मार्क किती पैकी? शंभर पैकी म्हणाल तर नाही. सत्तर पैकी! हे सत्तर कुठून आलं ते ऐका. विल्यम शेल्डन नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. त्याला जुन्या तांब्याच्या सेंटांचा नाद. त्याने 1949 च्या पुस्तकात हिशेब मांडला, की अगदी झिजलेल्या नाण्याला 1 धरला, तर कोऱ्या करकरीत नाण्याची किंमत त्याच्या सत्तरपट. तो भाव केव्हाच बदलला, आकडे मात्र राहिले. हाच गृहस्थ माणसांच्या अंगकाठीलाही आकडे द्यायचा बरं का, गोलमटोल किती, पिळदार किती, काटकुळा किती, प्रत्येकी सातपैकी. मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईंनी पेन्सिल घेऊन बसावं तसं! आणि कहर म्हणजे, तो गेल्यावर जे बाहेर आलं ते. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंटं त्याने उचलून तिथे आपली हलकी ठेवली होती. म्हणजे नाण्यांची प्रत त्याला खरंच कळत होती, यात शंका नाही.

आज न वापरलेल्या नाण्यांसाठीच 60 पासून 70 पर्यंत अकरा पायऱ्या आहेत. 65 आणि 66 मधला फरक तुम्हाआम्हाला भिंग लावूनही दिसणार नाही, पण किंमत कधीकधी दुप्पट-तिप्पट होते. मग लोक काय करतात? डबी हातोडीने फोडतात आणि तेच नाणं पुन्हा पाठवतात. पुन्हा फी, पुन्हा दिवा. एखादा मार्क वाढला तर दिवाळी, घटला तर पुन्हा हातोडी.

यावर उपाय निघाला तोही बघा. एनजीसी ही नाण्यांना मार्क देणारी मोठी कंपनी 1987 साली निघाली, तिच्या संस्थापकांत जॉन अल्बानीज हे गृहस्थ होते. त्यांनीच 2007 मध्ये दुसरी कंपनी काढली, सीएसी. ही काय करते, तर आधीच डबीबंद झालेल्या नाण्याचे मार्क बरोबर आहेत का ते बघते आणि पटले तर डबीवर हिरवा ठिपका चिकटवते. मार्क कमीच पडलेत असं वाटलं तर सोनेरी ठिपका. लोक आता ठिपक्याचे वेगळे पैसे मोजतात. आणि 2023 पासून ही ठिपकेवाली मंडळी स्वतःच डब्याही भरू लागली आहेत. आता त्या डब्यांवर ठिपका कोण लावणार, हे मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामी, झोपा आता."

नाही, अगदीच फुकटचं आहे असं मी म्हणत नाही. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया आपल्याकडे दुर्मीळ, म्हणून त्याच्या नकलाही फिरतात. खरं-खोटं कुणी तपासून दिलं तर त्याचे पैसे द्यावेत माणसाने. माझं म्हणणं पुढच्या आकड्यांबद्दल आहे. नाणंच कशाला, कॉमिकची पुस्तकंही बंद करतात प्लॅस्टिकात, कायमची न वाचण्यासाठी. 2021 च्या जुलैत सुपर मारिओचा एक सीलबंद खेळ पंधरा लाख साठ हजार डॉलरला गेला. खेळायचा नाहीच तो.

पण सगळ्यात भारी किस्सा होनस वॅग्नरचा. बेसबॉलचा जुना खेळाडू. त्याचं चित्र असलेलं, शंभरएक वर्षांपूर्वीच्या सिगारेटच्या पाकिटातलं एक कार्ड. पीएसए नावाच्या कंपनीने 1991 मध्ये धंदा सुरू केला, तेव्हा तिने मार्क दिलेलं पहिलंच कार्ड हे. दहापैकी आठ! इतकं जुनं कार्ड आणि कडा अशा सरळ, कोपरे असे टोकदार, की बघणारे थक्क. 2007 मध्ये ते अठ्ठावीस लाख डॉलरला गेलं. आणि 2013 मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्याने शिकागोच्या कोर्टात कबूल केलं, की कडा आपण कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला मार्कच द्यायचे नाहीत, हा पीएसएचाच नियम!

मग काय झालं म्हणता? काही नाही हो. आमचा रुपया घासला म्हणून नापास, आणि ते कार्ड कापलेलं असून आठ मार्कांचं लेबल मिरवतंय, त्याच डबीत.

बरं, तुमच्या माळ्यावर त्या जुन्या चांदोबांचा गठ्ठा होता ना? रद्दीवाला उद्या येणारेय. द्यायच्या आधी एकदा मला वाचायला द्या.