शिक्षणसेवकाने तब्येत आणि वाचन कसे सांभाळावे

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत नुकत्याच हजर झालेल्या शिक्षणसेवकासाठी ही मार्गदर्शिका आहे. मानधन दरमहा १६,००० रुपये, मुदत तीन वर्षे आणि प्रकृती घरून आणलेली. पहिल्या दोन बाबी शासनाने ठरवून दिल्या आहेत. तिसरी ज्याची त्याने सांभाळायची आहे.

प्रथम कामकाज. परिपाठ चालू असतानाच खिशातला मोबाइल थरथरेल. माहिती अकरापर्यंत हवी असते आणि निरोप पावणेअकराला येतो. घाबरू नये. बहुतेक वेळा ती गेल्या आठवड्यात दिलेलीच माहिती असते, रकान्यांचा क्रम तेवढा बदललेला असतो. अशा प्रसंगी बारामतीच्या थोर पुरुषाचे स्मरण करावे. (मी अठराव्या शतकातल्याबद्दल बोलतो आहे.) कवी मोरोपंतांनी (१७२९–१७९४) एकच रामकथा एकशे आठ प्रकारांनी रचली, असे परंपरा सांगते. त्यातले एक रामायण तर प, फ, ब, भ, म ही अक्षरे वगळून, म्हणजे ओठाला ओठ न लावता. थोडक्यात, तीच माहिती नव्या नमुन्यात पुन्हा सादर करण्याची परंपरा आपल्या तालुक्यात सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे. पंतांना बाबूजी नाइकांचा आश्रय होता आणि कऱ्हेकाठी सर्व्हर डाउन होत नसे, एवढाच काय तो फरक.

शिक्षण हक्क कायदा, २००९ याचे कलम २७ पाठ असावे. दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये, असे ते सांगते. हे कलम डोळे मिटून मनातल्या मनात म्हणावे, रक्तदाबाला बरे असते. मोठ्याने म्हणू नये. मोठ्याने म्हणणाऱ्याकडे मतदारयादी आधी येते, आणि ती कलमात चोख बसते.

आता तब्येत. आहाराची काळजी शासनानेच मिटवली आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ मिळतो, आणि मुलांच्या पानात वाढण्याआधी गुरुजींनी तो शिजलेला चाखून चव नोंदवहीत शेरा मारायचा असतो. 'चव चांगली' यापलीकडे साहित्यनिर्मिती करू नये. 'मीठ कमी' असे लिहिलेत तर मिठाचा खुलासाही तुम्हीच लिहाल. घशासाठी एक उपाय: पहिलीला अक्षरे आणि चौथीला भागाकार एकाच खोलीत शिकवताना चौथीतली एखादी खणखणीत आवाजाची मुलगी हेरून पहिली तिच्या ताब्यात द्यावी. याला प्रशिक्षणात सहाध्यायी अध्ययन म्हणतात. वस्तीवर म्हणतात, गुरुजी सुधारले.

गळीत हंगामात रस्त्याने जपून जावे. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा अशा कारखान्यांचा ऊस एकाच वेळी रस्त्यावर असतो, आणि दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरचा चालक मागे बघत नाही, कारण मागचे काही दिसतच नाही. मन थकले तर हिवाळ्यात मुलांना घेऊन भिगवणजवळ कुंभारगावला, उजनीच्या फुगवट्यावर जावे. तिथे रोहित पक्षी उतरलेले असतात. मुले मोजतात, चुकतात, भांडतात, पुन्हा मोजतात. या संख्येचा रकाना शाळेच्या एकाही नमुन्यात नाही, म्हणून गणिताचा तास इतका निवांत दुसरीकडे कुठे होत नाही.

अवांतर वाचनाची शासनालाही कळकळ आहे. प्रत्येक शासन निर्णयाच्या माथ्यावर 'वाचा' असे लिहून जुन्या निर्णयांची यादी दिलेली असते, आणि त्या प्रत्येकाच्या माथ्यावर आणखी जुन्यांची. या वाटेने गेलेला वाचक निवृत्तीपर्यंत परत येत नाही. त्यापेक्षा व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) पिशवीत ठेवावी. मेंढपाळांच्या वाडीवर गेलेल्या तरुण मास्तराची ही कादंबरी बारीक चणीची आहे, हजेरीपटाखाली सहज लपते. काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण पाहिलेल्याला त्यातले लोक ओळखीचेच वाटतील.

वाचताना एक गोष्ट तपासावी. हा मास्तर कलम २७ रोज मोडतो. भांडणात पडतो, लोकांची नड भागवतो, सगळ्यांना हाताशी धरून तालीम बांधतो. तरी तो कुरकुरत नाही. काम कोणासाठी चालले आहे ते त्याला समोर दिसते, आणि तालमीचा फोटो त्याला अपलोड करायचा नसतो. आपल्याकडे आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर असे मुक्काम करत जाते, तेव्हा वर्गखोल्या दिंड्यांसाठी उघडतात. गुरुजी बाकडी हलवतात, दिवे लावतात, पाण्याच्या टाक्या भरून ठेवतात. हे काम अशैक्षणिक आहे, असे निवेदन आजवर कोणत्याही संघटनेने दिल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. माणसाला थकवते ते काम वेगळे. ते कोणाच्या टेबलावर जाऊन पडते, हे शेवटपर्यंत कळत नाही.

दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरल्या की कोप्यांवर जावे. वाढ्याच्या पेंढ्या बांधणारी मुले शाळेत आणावीत, गावाकडून आणलेले शिक्षण हमी कार्ड असेल तर पाहावे. एखादी माय म्हणेल, "गुर्जी, ह्याला धाडते, पर धाकलीला कोण बघंल?" धाकलीलाही बसवावे. ती तीन वर्षांची आहे, पटावर येत नाही, ऑनलाइन तर कुठेच नाही. ती खडू खाते. तिच्यावर लक्ष ठेवावे.

'तोत्तोचान'ही मराठीत मिळते. मूळ जपानी पुस्तक १९८१चे, लेखिका तेत्सुको कुरोयानागी. त्यात कोबायाशी नावाचे मुख्याध्यापक नव्याने आलेल्या मुलीचे बोलणे चार तास ऐकतात. हे पान केंद्राच्या शिक्षण परिषदेला निघण्यापूर्वी वाचू नये. माणूस हळवा होतो, आणि तिथे नमुना भरताना तो डोळ्यांत येतो.

शाळेच्या कपाटातली गोष्टींची पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत. ती कुलपात असतात, कारण हरवले तर वसुली कोणाकडून, हा प्रश्न प्रत्येक गुरुजीने मागच्या गुरुजीकडून वारशाने घेतलेला असतो. तरी द्यावीत. ऊसतोडीचा मुलगा पुस्तक कोपीवर नेईल, त्याला पाचटाचा वास लागेल, एखादे चित्र बैलगाडीच्या जुवावर चिकटलेले सापडेल. फाटलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावा लागतो. त्याचा नमुना कुठे मिळतो, हे मात्र ग्रुपवर विचारू नये. जो विचारतो त्यालाच सगळ्या तालुक्याची एकत्रित माहिती करायला बसवतात, अकरापर्यंत.