आईच्या जठरातल्या गाठोबास

गाठोबा,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची रीत आहे. तुझ्यासाठी मी ती मोडते आहे. आईच्या जठराच्या भिंतीत तू फुकट बिऱ्हाड केलंस, तिच्याच रक्तावर पोसलास आणि शेवटी तिच्याच पोटात ते रक्त सांडलंस. तुझं नाव जिस्ट, पचनमार्गाच्या भिंतीत वाढणारा एक कर्करोग. दहा लाख माणसांमागे वर्षाला जेमतेम दहा-पंधरा जणांना तू गाठतोस. तुझं नाव कुणी ऐकलेलं नसतं, आणि त्याच आडोशाला तू वाढतोस.

आईला जिना चढताना धाप लागायची. डॉक्टरांनी आधी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, मग लोहाच्या. घरचे म्हणाले, वय झालं, उपवास कमी कर. शी डांबरासारखी काळी होते, हे तिनं किती तरी दिवस कुणाला सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं, लोहाच्या गोळ्यांनी तसं होतंच. होतंही तसं. पण तिची काळी शी म्हणजे तू पाझरवलेलं रक्त होतं. आमच्याकडच्या बायका दुखणं अंगावर काढतात, आणि त्यांचा अशक्तपणा कुणाला आजार वाटत नाही. तुझ्यासारख्या भित्र्याला लपायला याहून चांगली जागा कुठली! हिमोग्लोबिन ६ वर आलं, ती ओट्यापाशी कोसळली, तेव्हा कुठे एंडोस्कोपी झाली. मग सीटी स्कॅन, बायोप्सी आणि तिच्या तुकड्यावर सीडी ११७ या प्रथिनाची चाचणी. त्या चाचणीत तू सापडलास.

आणि सापडल्यावर कळलं, तुझी सगळी मर्दुमकी केवढी! पेशींना वाढीचा हुकूम देणारं किट नावाचं एक प्रथिन असतं. त्याच्या जनुकात बिघाड झाला की हुकूम थांबतच नाही. बस्स, एवढ्या एका बिघाडावर तुझं राज्य. ओसाका विद्यापीठातल्या सेइइची हिरोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये तो जगापुढे मांडला. नेहमीच्या केमोथेरपीला तर तू दाद देत नव्हतास. मार्च २०००मध्ये हेलसिंकीत पन्नाशीच्या एका बाईला, तू तिच्या यकृतात पसरलेला असताना, रक्ताच्या कर्करोगासाठी तयार होत असलेली इमॅटिनिब ही गोळी दिली गेली. काही आठवड्यांत तुझी पीछेहाट सुरू झाली. त्या बाईचं नाव मला ठाऊक नाही, पण माझी आई तिच्या ऋणात आहे.

ऋण आणखी काही माणसांचं आहे. या औषधाचा मूळ ब्रँड महिन्याला सुमारे १,२०,००० रुपयांना पडायचा, भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८ ते १० हजारांत मिळायची. मूळ ब्रँडच्या कंपनीने मागितलेल्या पेटंटविरुद्धच्या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन उतरली होती, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट नाकारलं. आमच्या घरात महिन्याला सव्वा लाख कुठून आले असते? तू त्या किमतीच्या भरवशावर जगला असतास. आजही कुठे तरी कुणाच्या पोटात जगत असशील, तिचं निदान वेळेवर झालं नाही म्हणून किंवा गोळीचे पैसे नाहीत म्हणून. तो राग मी विसरणार नाही.

तू पानथरीला टेकला होतास, म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधी गोळी सुरू केली. तुझी जात किटच्या जनुकातल्या एक्सॉन ११ या भागात बिघाड असलेली निघाली, म्हणजे या गोळीला सगळ्यांत आधी शरण जाणारी. रोज जेवणानंतर, मोठ्या पेलाभर पाण्याबरोबर, आई ती घ्यायची. सकाळी डोळ्यांभोवती सूज यायची, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, मळमळ व्हायची. एकदा ती मला म्हणाली, "माझे डोळे सुजलेत ना, म्हणजे तिकडे गाठही सुकत असेल." तू आक्रसत गेलास. मग सर्जननी जठराच्या एका तुकड्यासकट तुला उचलून बाहेर काढलं. पानथरी शाबूत राहिली. त्यानंतरही तीन वर्षं गोळी चालली, कारण परत येण्याची तुझी खोड आम्हाला ठाऊक होती.

आता आई थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहा वेळा खाते. बाजरीची चतकोर भाकरी, वर तूप. जिना चढते आणि वरून मला हाक मारून विचारते, तू का मागे राहिलीस? शेजारणीला चक्कर आली तर तिला स्वतः लॅबमध्ये घेऊन जाते, आणि शी कशी होते हे चारचौघींत मोठ्यानं विचारते.

तुझा एखादा कण कुठे दडून बसला असेल, तर ऐक. पुढच्या सीटी स्कॅनची तारीख घेऊन ठेवली आहे, आणि गोळी दुकानात मिळते.

तुझी कुणीही नसलेली,
तिची मुलगी