पाण्याच्या दिवशी शूटिंग

जुळे सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे आपण जाणताच. त्यामुळे पाण्याचा दिवस म्हणजे आमच्याकडे सणच. नेमक्या त्याच दिवशी शेजारच्या चिरंजीवांनी आमच्या घरात शॉर्टफिल्मचं शूटिंग ठेवलं. चहा घ्या, प्रकरण गंभीर आहे.

सुरुवात चादरीपासून झाली. "काका, एक जाड चादर द्या की." मला वाटलं, पोराला थंडी वाजतेय. चांगली नवी सोलापुरी चादर दिली. त्यानं ती खिडकीवर खिळे ठोकून टांगली आणि सकाळी नऊ वाजता माझ्या हॉलमध्ये रात्र केली. नंतर माळ्यावरचा गणपतीच्या मखराचा थर्माकोल काढला आणि हिरोच्या तोंडावर उजेड पाडायला माझ्याच हातात दिला. चाळीस मिनिटं उभा होतो. पद : रिफ्लेक्टर. मानधन : निरंक.

मी तोंडी हरकत नोंदवली, तर त्यानं पूर्वदाखलेच सादर केले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी फाळक्यांच्या सरस्वतीबाई अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करायच्या. तारामती झालेले साळुंके तर हॉटेलातल्या मुदपाकखान्यातून आणलेले! हे ऐकून बायकोनं पदर खोचला आणि वीस भाकऱ्यांचं पीठ मळायला घेतलं. मला मात्र चहा विचारला नाही.

पुढचे दाखले जिल्ह्यातलेच. नागराज मंजुळे जेऊरचे. 'फँड्री'तला जब्या करमाळा तालुक्यातला, 'सैराट'ची आर्ची अकलूजची. तेव्हापासून सोलापूर जिल्ह्यात रिकामा उभा असलेला एकही माणूस सुरक्षित राहिलेला नाही. मला निवृत्त कारकुनाची भूमिका मिळाली. सूचना एवढीच : "काका, काहीच करू नका. नुसतं बसा." तीस वर्षं कचेरीत मी हेच केलं, कुणी चूक काढली नाही. इथं सात टेक झाले.

एवढ्यात नळाला पाणी आलं. गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या, आणि साउंडवाल्यानं कपाळाला हात लावला. आता खरा अन्याय ऐका. फाटकासमोरची स्कूटर हलवावी म्हणून मी तीन वर्षं लेखी अर्ज देतोय, कार्यवाही शून्य. हा पोरगा मात्र अनवाणी दारोदार गेला. "मावशी, फक्त चार मिनिटं," म्हणाला, आणि पाण्याच्या दिवशी अख्ख्या गल्लीनं मोटारी बंद केल्या. चौथ्या मिनिटाला स्वतःच ओरडून सांगितलं, "लावा आता!" दिलेला शब्दसुद्धा पाळतो. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

बरोबर एकला त्यानं शूटिंग थांबवलं. आधी पोरांना वाढलं, मग माझ्या ताटात शेंगाचटणी टाकली. स्वतः शेवटी, उरलेली अर्धी भाकरी उभ्यानं खाल्ली. यावरून इसम किती पोचलेला आहे, हे सिद्ध होतं. कॅमेरा भाड्यानं मिळतो; दुसऱ्याची चादर, पीठ आणि पाणी मागून आणायचं, अन् देणाऱ्यालाच आपण उपकृत झालो असं वाटायला लावायचं, ही विद्या भाड्यानं मिळत नाही. बिनपैशाच्या दिग्दर्शकाची लायकी मी आता यावरच ठरवतो.

राहिलेला एक शॉट पुढच्या पाण्याच्या दिवशी आहे. तरी समस्त रहिवाशांनी बादल्या, पिंपं, कळश्या आधीच भरून ठेवाव्यात, ही नम्र विनंती. माझी दाढी वाढलीय म्हणून कुणी हसू नये. कंटिन्यूइटीसाठी ती राखून ठेवण्यात आलेली आहे.