भाड्यात हप्ता सुटतो म्हणे!

“दुसरा फ्लॅट घेऊन टाक, भाड्यातच हप्ता सुटतो,” असं पुण्यातल्या प्रत्येक पगारदाराला चाळिशीच्या सुमारास कुणीतरी लग्नाच्या पंगतीत ऐकवतंच. ऐकवणाऱ्याला स्वतःचा फ्लॅट बहुधा वाड्याच्या बदल्यात मिळालेला असतो. हप्ता म्हणजे काय, हे त्याला फक्त ऐकून ठाऊक. तरीही एका गृहस्थांनी ते मनावर घेतलं आणि धायरीत 60 लाखांचा फ्लॅट पसंत केला.

बँकेने 80 टक्के, म्हणजे 48 लाख मंजूर केले. 12 लाखांसाठी मुदतठेवी मोडल्या. मग 7 टक्के मुद्रांक शुल्काचे 4 लाख 20 हजार आणि नोंदणीचे 30 हजार समोर आले. हे खर्च बँक कर्जात धरत नाही. घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे कळताच गृहस्थांना स्त्रीसक्षमीकरणाचा उमाळा आला. सीएने तो तिथल्या तिथे उतरवला : “पैसे तुमचे असतील तर भाडं तुमच्याच उत्पन्नात धरणार.” त्यावर गृहस्थांच्या पत्नीने एवढंच विचारलं, “आणि जमा कुणाच्या खात्यात होणार?” फ्लॅट गृहस्थांच्याच नावावर झाला.

किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असल्याने विकणाऱ्याच्या पैशातून एक टक्का टीडीएस कापून सरकारला भरायचं कामही त्यांच्याकडेच आलं. घरमालक होण्याआधी ते वसुली कारकून झाले.

साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता बसला साधारण 41,650 रुपये. भाडं ठरलं 18 हजार. भाड्यात हप्ता सुटतो, तो इतका.

आता गंमत अशी, की या सगळ्या गोतावळ्यात दिलदार निघालं ते आयकर खातं! वर्षाचं भाडं 2 लाख 16 हजार. त्यातून भरलेला मिळकतकर वजा, समजा 16 हजार. उरलेल्या दोन लाखांतून सरसकट 30 टक्के वजावट. दुरुस्तीला एक खिळाही ठोकला नसला तरी 60 हजार वजा. पावती कुणी मागत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स, रंगकाम, गळका नळ असं सगळं मात्र त्यातच आलं, वेगळं काही मागायचं नाही. राहिले 1 लाख 40 हजार आणि पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे 4 लाख 4 हजार. म्हणजे कागदावर 2 लाख 64 हजारांचा तोटा. आयुष्यात प्रथमच तोट्याने गृहस्थांचा चेहरा खुलला.

“जुनी करप्रणाली की नवी?” सीएने विचारलं. जुनीत यातले दोन लाखांपर्यंत पगारातून वजा होतात आणि उरलेले पुढची आठ वर्षं घरभाड्याच्याच उत्पन्नातून वळते करता येतात. नवीत पगाराला हा तोटा शिवतसुद्धा नाही. गृहस्थांनी कमी दरांच्या मोहाने नवी निवडली होती. चेहरा पूर्ववत झाला.

महापालिकेचा हिशेब आणखी सरळ : स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात 40 टक्के सवलत मिळते, भाडेकरू ठेवला की ती गेली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी बिनभोगवटा शुल्क म्हणून भाड्याच्या 10 टक्क्यांची मागणी केली. 2001च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. आदेशाची प्रत बघून सेक्रेटरी म्हणाले, “बरं, पण पार्किंगचं बघू.”

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा सल्ला जिन्यातल्या प्रत्येकाने दिला. महाराष्ट्रात 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. गृहस्थांनी भाडेकरूकडे एकदा नीट पाहिलं आणि नोंदणी करून टाकली. अनामत धरून मुद्रांक पाचशेच्या आसपास आणि नोंदणी शुल्क हजार. एवढ्यासाठी धोका पत्करण्यात खरोखरच शहाणपण नव्हतं.

शेजारच्या काकांचा शेवटचा सल्ला उरला होता : “भाडं रोख घ्या, कुणाला कळतंय?” त्याच संध्याकाळी भाडेकरूचा नम्र मेसेज आला. वर्षाचं भाडं लाखाच्या वर असल्याने ऑफिसात एचआरएसाठी मालकाचा पॅन लागतो, काका, पाठवता का? गृहस्थांनी कार्डाचा फोटो काढला, तो हलला म्हणून पुन्हा काढला, आणि पाठवून दिला.