फ्रेश होऊन लगेच!

(सहा दिवसांत लडाख उरकून देणाऱ्या कार्यक्रमकर्त्यास खुले पत्र)

सन्माननीय कार्यक्रमकर्ते यांस,

स. न. वि. वि.

आपली-माझी प्रत्यक्ष भेट नाही. आपण कुठल्याशा कचेरीत, बहुधा पंख्याखाली आणि नक्कीच समुद्रसपाटीजवळ बसून ‘लेह-लडाख : ५ रात्री ६ दिवस’ हा गुळगुळीत कागद तयार केलात आणि आम्ही सहकुटुंब त्या कागदाबरहुकूम हिंडलो. नातं एवढंच. पण आपल्या लेखणीचा मी चाहता झालो आहे. इतक्या कमी शब्दांत इतकं धाडस हल्लीचे कवीही करत नाहीत. ‘दिवस पहिला : लेह विमानतळावर आगमन. हॉटेलवर फ्रेश होऊन लगेच स्थलदर्शन.’ वा!

या ओळीत आपण काय काय मावून दाखवलंत, ते आपल्या लक्षात आलं नसेल म्हणून सांगतो. मुंबईचा माणूस रात्री समुद्रकाठाहून निघतो, दिल्लीत विमान बदलतो आणि तिथून सव्वा तासात जवळपास साडेतीन हजार मीटरवर जाऊन उभा राहतो. महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरी ठेवली तरी लेह वरच उरतं. कळसूबाई चढणाऱ्याला निदान गुडघे सांगतात की बाबा, वर चाललोय. विमानात सँडविच खाणाऱ्याला कोण सांगणार? लेहच्या हवेतही ऑक्सिजन एकवीस टक्केच असतो, पण हवेचा दाबच कमी. त्यामुळे दर श्वासाला पदरात पडणारा ऑक्सिजन मुंबईच्या सुमारे दोनतृतीयांश. शरीर हे निभावून नेतं. श्वास वाढवतं, नाडी वाढवतं, मूत्रपिंडं कामाला लावून रक्ताचा मेळ नव्याने बसवतं. पण त्यासाठी त्याला निदान दोन दिवस हवे असतात. आपण दिलीत चाळीस मिनिटं. त्यातली वीस गिझर तापण्यात गेली.

लगेच म्हणजे काय, तर शांती स्तूप. पायऱ्या पाचशेवर. (गाडी वरपर्यंत जाते हे खरं, पण ‘पायऱ्यांवरून दिसणारे विहंगम दृश्य’ आपल्याच कागदात छापलं होतं आणि आमच्यात पैसे वसूल करणारी माणसं होती.) त्यानंतर राजा सेंगे नामग्यालच्या काळातला नऊ मजली राजवाडा. तोही चढायचाच. रात्री सगळ्यांचं डोकं ठणकत होतं, जेवण कुणाला जात नव्हतं, झोप लागत नव्हती. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं आणि झोप उडणं ही उंचीच्या त्रासाची पहिली लक्षणं. आपल्या प्रतिनिधीने सांगितलं, ‘प्रवासाचा शीण आहे, क्रोसिन घ्या, उद्या जगातल्या सर्वांत उंच रस्त्यावर जायचंय.’

तो रस्ता म्हणजे खार्दुंगला. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट असं लिहिलेलं होतं. नव्या मोजणीत ती खिंड १७,५८२ फुटांची भरते आणि सर्वांत उंच रस्त्याचा मान तर २०२१ सालीच गिनेसने १९,०२४ फुटांवरच्या उमलिंगला देऊन टाकला. आपल्या कागदावर मात्र खार्दुंगला अजून जगज्जेता आहे. चालायचंच. आठशे फूट इकडेतिकडे झाल्याने काय बिघडतं? बिघडतं ते त्या उंचीवर. तिथे श्वासाला जेमतेम निम्मा ऑक्सिजन मिळतो आणि लेहला उतरून चोवीस तासही न झालेल्या माणसाला आपण तिथे मॅगी खायला, पाटीखाली रांगेत उभं राहून फोटो काढायला आणि त्याच रांगेतल्या इतरांशी भांडायला नेलंत. भांडण फार टिकलं नाही. दम कुणातच नव्हता.

आता आपल्या कौशल्याचा कळस. डोंगराच्या वैद्यकात एक साधा नियम आहे. तीन हजार मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवूच नये. दिवसा वर जाऊन आलात तर शरीर एक वेळ चालवून घेईल, रात्र कुठे काढता हे ते विसरत नाही. दुसऱ्या रात्री आपण आम्हांला नुब्रा खोऱ्यातल्या हुंडरला झोपवलंत. हुंडर लेहपेक्षा खाली आहे, साधारण ३,१०० मीटरवर. क्षणभर मला वाटलं, आपल्याला सगळं कळतं! मग समजलं की तिथे नेलं होतं ते दोन मदारींच्या उंटांसाठी. रेशीम मार्गावरच्या जुन्या व्यापाराने मागे ठेवलेले ते उंट नुब्रात नसते, तर ती एक रात्रही आपण सोडली नसती.

तिसऱ्या दिवशी पँगाँग. सरोवराचा काठ ४,२५० मीटरच्या आसपास. म्हणजे एका रात्रीत झोपायची उंची साडेअकराशे मीटरने वाढली, नियमाच्या दुपटीहून जास्त. आणि तिथे तंबूत, शून्याखालच्या थंडीत, आपण आमरस-पुरी ठेवली होती. ‘घरच्यासारखं मराठी जेवण’ हे वचन आपण पाळलंत, याबद्दल शंका नाही. चौदा हजार फुटांवर आमरस पोहोचवणं हे कर्तृत्वच. त्यात फक्त खाणारा धड असायला हवा होता.

माझा मेहुणा धड नव्हता. संध्याकाळपासून उलट्या, डोकं फुटेल असं दुखणं, आणि रात्री तंबूतून बाहेर जाताना त्याचा तोल जाऊ लागला. आपला टूर मॅनेजर, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, हातात ऑक्सिजनचा डबा घेऊन उभा होता. त्या बिचाऱ्यावर माझा राग नाही. त्यालाही त्या हंगामात आपल्या कागदाने असंच वर-खाली फेकलं होतं. डबा हा औषधोपचार नव्हे, तो वेळ काढण्याचा उपाय. खरा उपाय एकच, खाली उतरणं. पण पँगाँगहून लेहला उतरायचं तर आधी चांगला ही खिंड चढावी लागते आणि ती खार्दुंगलाइतकीच उंच आहे. खाली जाण्यासाठी अकराशे मीटर वर जायचं, अशी ही जागा. तिसऱ्या रात्री माणसाला तिथे झोपवणाऱ्याने नकाशा पाहिलाच नसेल, किंवा फक्त नकाशाच पाहिला असेल. नकाशावर सगळं सपाट असतं.

आमच्या गाडीचा चालक लडाखी होता. त्याने मेहुण्याला चार पावलं चालवून पाहिलं आणि वाद न घालता गाडी काढली. चांगलाकडे न जाता सकाळी आलो त्याच श्योक नदीच्या वाटेने त्याने त्याला खाली नेलं. उजाडेपर्यंत मेहुण्याने चहा मागितला होता. या चालकाचा आपल्या कागदातला उल्लेख असा : ‘वाहन नॉन-एसी (घाटात एसी बंद राहील).’

घरी आल्यावर मी तो कागद पुन्हा वाचला. शेवटच्या पानावर, प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही या सूचनेच्या खाली, मुंगीच्या अक्षरांत एक ओळ सापडली : ‘उंचीमुळे होणाऱ्या शारीरिक त्रासास संस्था जबाबदार नाही.’ म्हणजे साहेब, आपल्याला माहीत होतं! मी इतके दिवस आपल्याला अडाणी समजत होतो, त्याबद्दल क्षमस्व. आपण अडाणी नाही. आपण वकिलाचा सल्ला घेतलात, डॉक्टरचा घेतला नाहीत.

आपलं उत्तर मला ऐकू येतंय. ‘गिऱ्हाइकालाच हवं असतं हो!’ खोटं नाही ते. फोन करणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘किती पॉइंट कव्हर होतात?’ एखाद्या दिवसापुढे ‘विश्रांती’ लिहिलं तर म्हणतो, ‘त्या दिवशी काहीच नाही? मग त्या दिवसाचे पैसे कशाचे?’ शेजारचा सहा दिवसांत नऊ ठिकाणं दाखवतो आणि आपण आठ दाखवलीत तर बुकिंग शेजाऱ्याकडे जातं. विश्रांती विकली जात नाही, ही आपली अडचण मला मान्य आहे.

पण विकण्याच्या बाबतीत आपण हात टेकावेत? २००९ साली एका हिंदी सिनेमाचा शेवट पँगाँगवर चित्रित झाला, तर आज त्याच्या काठावर पिवळ्या स्कूटर आणि सिनेमातल्यासारखी स्टुलं मांडलेली आहेत आणि माणसं पैसे देऊन त्यांवर बसतात. मॅग्नेटिक हिलला उतारावरची गाडी आपोआप चढ चढल्यासारखी दिसते, हा निव्वळ नजरेचा भास. तोही आपण ‘पॉइंट’ म्हणून विकलात. ज्याने भास विकला त्याला लेहच्या बाजारात उन्हात बसून जर्दाळू खाण्याचा एक दिवस विकता येत नाही, यावर माझा विश्वास नाही. अठ्ठेचाळीस तास स्वस्थ राहा, असं तिथलं प्रशासन आणि तिथले डॉक्टर घसा कोरडा करून सांगतात. त्यालाच ‘विशेष आकर्षण’ म्हणा की!

आणि विमानानेच न्यायला पाहिजे असं तरी कुठे आहे? उन्हाळ्यात झोजिला खिंड उघडली की श्रीनगरहून रस्त्याने जाता येतं. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत, वाटेत कारगिलचा मुक्काम पावणेसत्तावीसशेच्या आसपास, मग लेह. शरीराला पायरीपायरीने चढवणारा याहून सोपा रस्ता नाही, शिवाय वाटेत लामायुरूचा मठ आहे. विमानानेच आलो तर त्या अठ्ठेचाळीस तासांनंतर आधी अल्चीला नेता येईल; ते लेहपेक्षा खाली आहे आणि तिथल्या मठातली शेकडो वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं पाहायला कुणाचा दम लागत नाही. नुब्राला एक रात्र वाढवलीत तर तुर्तुक होईल. १९७१च्या युद्धात भारतात आलेलं बाल्टी लोकांचं गाव, जर्दाळूच्या बागा, उंची तीन हजार मीटरच्या आत. पँगाँग शेवटी ठेवा. सहा दिवसांत बसत नसेल तर काढून टाका. तसं केलंत तर लडाख दाखवलं नाही म्हणून आपल्यावर खटला भरणारा जन्माला यायचाय.

एक तक्रार माझी नाही, पण लिहून टाकतो. लेहला वर्षाला पाऊस पडतो जेमतेम शंभर मिलिमीटर. मुंबईत जुलैतल्या एखाद्या दिवशी यापेक्षा जास्त पडतो. २०११च्या जनगणनेत पावणेतीन लाख वस्ती असलेल्या लडाखमध्ये २०२२ साली पाच लाखांवर पर्यटक गेले. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पाण्याशिवायचे कोरडे संडास वापरत आली. आपण छापता : ‘२४ तास गरम पाणी.’

कळावे, लोभ आहे तो असाच कमी होत जावा, ही विनंती.

आपला,
एक ‘कव्हर’ झालेला पर्यटक

ता. क. पत्र खुलं आहे, म्हणून चार ओळी वाचकांसाठी. पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग करताना कुणालाही ‘किती पॉइंट’ विचारू नका. प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची मीटरमध्ये लिहून मागा आणि हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर तो कागद आधी आपल्या डॉक्टरला दाखवा. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्याही त्यालाच विचारून घ्या. पहिले दोन दिवस लेहमध्ये मोकळे नसतील, किंवा उंची लिहून द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल, तर त्याला आगाऊ पैसे देऊ नका.