टायगरला येडशीच्या स्टँडवर उतरवा

'एक था टायगर' परवा टीव्हीवर पुन्हा लागला. 2012च्या 15 ऑगस्टला आलेला कबीर खानचा हा सिनेमा. नायक टायगर भारताच्या रॉचा हेर, नायिका झोया पाकिस्तानच्या आयएसआयची. जमेची बाजू मान्य: डब्लिन, इस्तंबूल, हवाना घरबसल्या फिरून होतं आणि दोन देशांच्या भांडणात दोघं चक्क प्रेमात पडतात, ही कल्पना गोडच. उणी बाजू एवढीच, की हेरगिरी शोधायलाच हेर लावावा लागतो. भररस्त्यात धावती ट्राम थांबवणारा हा माणूस म्हणे 'गुप्त' हेर!

आमच्या धाराशिव जिल्ह्यात हे खपायचं नाही. येडशीच्या स्टँडवर अनोळखी माणूस उतरला, की चहाला उकळी यायच्या आत प्रश्न येतो, "कुणाचे पाव्हणे?" पहिल्या घोटाला गाव, दुसऱ्याला आडनाव, कप खाली ठेवेपर्यंत सोयरीक. टायगर-झोयाला क्युबात लपता आलं; नळदुर्गच्या किल्ल्यात नर-मादी धबधबा बघायला आले असते, तर दिवेलागणीच्या आत दोघांच्या घरी फोन गेला असता.

निकाल: प्रेमात पास, मारामारीत पहिला वर्ग, हेरगिरीत नापास.