आपल्या जिल्ह्याचा हत्ती

मांडव कुठे घालावा हे मांडववाल्याला आणि सुई कुठे टोचावी हे नर्सबाईंना सांगणारा एक नाना प्रत्येक गावात असतो. रोह्याला खेटून असलेल्या आमच्या वरशातल्या नानांची मजल मात्र भायखळ्यापर्यंत गेली आहे. दिवाळी आटोपली की ते आळीतली माणसं गोळा करतात, दिवा गाडीत बसवतात आणि राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय दाखवायला नेतात. गाईड? "पैसे मोजून काय ऐकायचं? मी आहे ना!"

१८७२ साली उघडलेली ती वास्तू आहे मोठी देखणी. आत प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा. नाना ओळख करून देतात, "हे राणीचे यजमान."

"कुठल्या राणीचे?"

"बागेच्या!"

पाट्या वाचणं नानांना कमीपणाचं वाटतं. पण मातीच्या छोट्या बाहुल्यांच्या कपाटांपाशी ते खरे रंगात येतात. कोणी कारागीर, कोणी शेतकरी, शिवाय तऱ्हेतऱ्हेची पागोटी घातलेली डोकी. नानांचे मेव्हणे पेणला गणपतीच्या कारखान्यात होते, तेवढ्या वशिल्यावर नाना परीक्षक. "डोळ्यांची आखणी बघा. झकास! हात मात्र घाईत केलाय. पेणला असा गणपती कारखान्याबाहेर पडला नसता." शेजारी एक मुलगी दुसऱ्या घोळक्याला नीट, अभ्यासून माहिती देत असते. तिची माणसं एकेक करून नानांच्या मागे येऊन उभी राहतात. अन्याय आहे खरा. पण नानांनी नावं ठेवली म्हणून का होईना, लोक काचेला नाक लावून तो हात बघतात, हेही खरं.

बंद व्हायची वेळ झाली की रखवालदार सगळ्यांना बाहेर काढतो. नानांची संध्याकाळ तिथून सुरू होते, कारण बाहेर हत्ती आहे. घारापुरीचा दगडी हत्ती. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच. १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडला आणि फुटला. तुकडे मुंबईत आले, १९१४ साली जोडले गेले. नानांच्या तोंडी मात्र हा अपघात नसतो.

"मुद्दाम पडला! घारापुरी कुठे? तालुका उरण, जिल्हा रायगड. आपलं पाणी आहे ते, जातंय कशाला विलायतेला?"

जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ साली मिळालं, हे तिथे बोलायची सोय नसते. नाना पोरांना सांधे शोधायला लावतात, पायाचा सांधा वेगळा, सोंडेचा वेगळा. एरवी हत्तीपुढे फोटो काढून पुढे सरकणारी माणसं अर्धा तास त्याच्याभोवती फिरतात.

यंदा आळीतल्या नव्या सुनेने विचारलं, "नाना, मांदाडजवळची आपली कुड्याची लेणी पण अशीच जुनी आहेत ना?"

"म्हणजे काय! बौद्ध लेणी. सव्वीस आहेत सव्वीस!"

"तुम्ही कधी गेला होतात?"

नानांनी टोपी सारखी केली. "अगं, ती कुठे पळून चाललीत? घरचीच आहेत. चला, उचला पिशव्या, दिव्याहून रोह्याची गाडी चुकेल."